परसबाग : कुंडींतील वड आणि हिमालयांतील फूल

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक-भगिनींचें पत्र आलें. पुढील वर्षीं त्यांच्या घरची मंडळी बदरी-केदारच्या यात्रेस जाणार आहेत, आणि तेथून ब्रह्मकमळाचें एखादें रोप आणून आपल्या गच्चीवर लावावें अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. त्याच पत्रांत दुसराहि एक प्रश्न आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं आईच्या साठीनिमित्त जपानी पाइनचा एक वामनवृक्ष, म्हणजे हल्लीं सर्वत्र ज्याला बोन्साय म्हणतात तो, भेट देण्याचें योजिलें आहे. हीं दोन्ही झाडें पुण्यासारख्या हवेंत बाराहि महिने कशीं सांभाळावीं, असें त्या विचारतात.

पहिल्या प्रश्नास 'रोप आणूं नये' आणि दुसऱ्यास 'तें झाड न घेतां दुसरें घ्यावें' असें उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे. परंतु हौसेनें विचारणाऱ्या माणसाला नुसता नकार देऊन वाटेस लावणें हें बरें नव्हे. नकाराचीं कारणें सांगावीं आणि हौस पुरी होण्याचा मार्गहि दाखवावा, म्हणून ह्या वेळचीं परसबागेचीं पानें ह्याच विषयाला दिलीं आहेत. शिवाय ह्या विषयाशीं आमच्या घरांतील एक गोष्ट निगडित आहे. ती सांगावी कीं न सांगावी, असा विचार पुष्कळ दिवस मनांत घोळत होता. ह्या पत्रानें तो संपविला.

प्रथम ब्रह्मकमळाविषयीं. ज्याचें पान कापून कुंडींत खोंचलें कीं रुजतें, आणि जें फुलण्याच्या रात्रीं आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून मसाल्याचें दूध देतों, तें आपल्याकडचें ब्रह्मकमळ हिमालयांतलें नव्हेच. तें निवडुंगाच्या कुळांतलें असून त्याचें मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका येथील अरण्यांत आहे. तेथें तें मोठ्या वृक्षांच्या खोडांवर वाढतें. म्हणूनच आपली उबदार हवा त्याला मानवते. हिमालयांतील खरें ब्रह्मकमळ शेवंती व सूर्यफूल ह्यांच्या कुळांतलें आहे. तें साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, खडकाळ उतारांवर, पावसाळ्याच्या दिवसांत फुलतें. आपण ज्यांना त्याच्या पाकळ्या समजतों त्या फिकट, कागदासारख्या दिसणाऱ्या वस्तु पाकळ्या नसून पानेंच होत. त्यांच्या आंत जांभळट फुलांचा गुच्छ दडलेला असतो. बाहेर बोचरा वारा असला तरी आंत थोडी ऊब राहते. म्हणजे झाडानें आपल्या फुलांसाठीं बांधलेलें तें एक लहानसें कांचघरच आहे. केदारनाथ व बदरीनाथ येथें हें फूल देवाला वाहतात, आणि उत्तराखंड राज्याचें तें राज्यपुष्प आहे.

थंडीमुळें जेथें वृक्षांची वाढ थांबते त्या रेषेच्या वर जी वनस्पतिसृष्टि असते, तिला आल्प्स पर्वतावरून 'अल्पाइन' असें नांव पडलें आहे. ह्या सृष्टींतील बहुतेक झाडें बुटकीं असतात. कांहीं तर उशीसारखीं गोल होऊन जमिनीला चिकटून बसलेलीं असतात. वर चार बोटें दिसणाऱ्या रोपाचीं मुळें दगडांच्या फटींतून खालीं हातभर खोल गेलेलीं आढळतात. वर्षांतील पांच-सहा महिने हीं झाडें हिमाखालीं असतात. आपणांस वाटतें, बिचारीं गारठून जात असतील. वस्तुतः हिम हें त्यांचें पांघरूण असतें. वर हवा शून्याखालीं कितीहि उतरली तरी जाड हिमाच्या थराखालीं तपमान शून्याच्या आसपासच राहतें, वारा लागत नाहीं, आणि पाणी गोठलेलें असल्यामुळें मुळांशीं ओल साचत नाहीं. झाड कोरडें आणि निजलेलें असतें. हिम वितळलें कीं तें लगबगीनें जागें होतें, आणि दोन-तीन महिन्यांत पान, फूल, बीज सर्व उरकून पुनः निजतें. ही झोंप म्हणजे त्याच्यावरचें संकट नव्हे. त्याच्या आयुष्याचा तो निम्मा भाग आहे.

इ. स. १९३१ मध्यें कामेट शिखर सर करून परत येतांना फ्रँक स्माइथ व त्यांचे सोबती गढवालांतील भ्युंडार खोऱ्यांत उतरले, आणि तेथील फुलें पाहून त्यांनीं त्या खोऱ्यास 'फुलांचें खोरें' असें नांव दिलें. इ. स. १९८२ मध्यें तें राष्ट्रीय उद्यान झालें व २००५ मध्यें जागतिक वारशांत त्याची गणना झाली. बदरीनाथच्या वाटेवरून तें फार दूर नाहीं. आमच्या भगिनींनीं तेथें अवश्य जावें आणि डोळे भरून पाहावें. पण तेथील पानहि तोडणें कायद्यानें मना आहे, आणि तो कायदा योग्यच आहे. कारण तें रोप पुण्यास आणलें तरी येथें त्याला निजावयास थंडी मिळणार नाहीं, पांघरावयास हिम मिळणार नाहीं, आणि आषाढांतील आपल्या दमट रात्रींत तें मानेशीं कुजून जाईल. ज्या झाडाला आपण त्याचा ऋतु देऊं शकत नाहीं, तें आपल्या घरीं आणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

ह्या कुजण्याचा अनुभव आमच्या थोरल्या बंधूंच्या कन्येनें घेतला आहे. लग्नानंतर ती इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांत राहावयास गेली. त्या देशांत गुरांना पाणी पाजण्याच्या जुन्या दगडी डोण्यांत अल्पाइन रोपें लावण्याचा प्रघात आहे. तिनें अशी एक डोणी मिळविली, तळाला भोकें पाडून घेतलीं, निम्मी खडी व निम्मी माती असें मिश्रण भरलें, आणि सॅक्सिफ्रेज, जेन्शियन वगैरे रोपें हौसेनें लावून ती घराच्या आडोशाला ठेवली. पहिल्याच डिसेंबरांत रोपें मलूल दिसूं लागलीं, तेव्हां पुण्याच्या सवयीनें ती त्यांना रोज पाणी घालूं लागली. वसंत ऋतु आला तेव्हां डोणींत दोनच रोपें शिल्लक होतीं. तिनें आम्हांस लिहिलें : "काका, पुण्यास मीं झाडें तहानेनें मरतांना पाहिलीं होतीं, येथें मीं त्यांना पाजून मारलीं."

त्यानंतर तिनें जो क्रम बसविला तो थंड प्रदेशांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना उपयोगी पडेल. मार्चमध्यें कोंब दिसूं लागले कीं पाणी हळूहळू वाढवावें. एप्रिल-मेमध्यें फुलें होऊन गेलीं कीं वाळलेले देंठ कापावे आणि कुंडी बदलावयाची असल्यास तेव्हांच बदलावी. भर उन्हाळ्यांत दुपारची सावली द्यावी. शरदांत रोपांवर पडलेला पाचोळा रोज वेंचून काढावा, कारण ओल्या पाचोळ्याखालीं रोप एका आठवड्यांत सडतें. हिवाळ्यांत डोणीवर कांचेचें एक तावदान विटांवर उचलून ठेवावें. चारी बाजू मोकळ्या असाव्या, म्हणजे पाऊस अडतो व वारा खेळतो. रोपाच्या मानेभोंवतीं बारीक खडीचा दोन बोटें थर बारमास असावा. थंडीची भीति बाळगूं नये, ओलीची बाळगावी. लंडनजवळील क्यू येथील उद्यानांत २००६ मध्यें अल्पाइन झाडांसाठीं एक नवें कांचघर उघडण्यांत आलें, तेंहि ह्याच तत्त्वावर आहे. इतर कांचघरें ऊब राखण्यासाठीं बांधतात. हें थंडावा राखण्यासाठीं बांधलें आहे. त्याच्या उंच कमानींतून गरम हवा वर निघून जाते आणि जमिनीखालच्या नागमोडी भुयारांतून गार झालेली हवा झाडांवर सोडली जाते.

इतकें दूर न जातांहि ह्या नियमाचा प्रत्यय घेतां येतो. साताऱ्याजवळील कासचें पठार अल्पाइन नव्हे. त्याची उंची सुमारें बाराशें मीटर आहे आणि हिम तेथें पडत नाहीं. पण उघडा जांभा खडक, त्यावर वीतभरहि नसलेली माती आणि फुलण्यास मिळणारे थोडे आठवडे, ह्या गोष्टी तेथेंहि आहेत. तेरडा, गेंद, सीतेचीं आसवें हीं भाद्रपदांत सारें पठार रंगवून टाकतात आणि उरलेले महिने बीजरूपानें किंवा कंदरूपानें निजून काढतात. हिमालयांतील झाड थंडींत निजतें, कासचें उन्हाळ्यांत निजतें, एवढाच भेद. तेथील रोपें खणून आणणाऱ्यांच्या कुंडींत पुढच्या वर्षीं कांहींहि उगवत नाहीं, हें आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे.

आतां जपानी पाइनकडे वळूं. उथळ कुंडींत झाड वाढविण्याची ही कला चीनमधून जपानांत गेली. 'बोन' म्हणजे तबक किंवा उथळ पात्र, आणि 'साय' म्हणजे लावणी. तेथील पाइनला हिवाळ्याची खरी थंडी लागते. जपानी लोक हिवाळ्यांत त्याला बोचऱ्या वाऱ्यापासून जपतात, पण ऊब देत नाहींत; हिवाळा सरतां सरतां, कोंब फुटण्यापूर्वीं, कुंडी बदलतात; आणि उन्हाळ्यांत मेणबत्तीसारखे उभे राहणारे नवे कोंब खुडून वाढ आंवरतात. आपल्याकडील पौषाची थंडी ह्या झाडाला पुरत नाहीं. एकदोन वर्षें तें तग धरतें, मग खंगत जातें. आम्हींहि पूर्वीं एका रोपवाटिकेंतून ज्युनिपरचा असाच एक वामनवृक्ष आणून बैठकीच्या खोलींत ठेवला होता. ज्युनिपरचें झाड मेल्यावरहि कित्येक आठवडे हिरवें दिसतें. आम्ही त्याला रोज पाणी घालीत होतों, पाहुण्यांना कौतुकानें दाखवीत होतों, आणि तें केव्हांच गेलेलें होतें. वामनवृक्ष ही बैठकीची शोभा नव्हे. तो वृक्षच आहे. त्याला ऊन, वारा आणि ऋतु लागतात. दोन-चार दिवस पाहुण्यासारखा घरांत आणावा आणि पुनः बाहेर ठेवावा.

म्हणून आमची सूचना अशी कीं चिरंजीवांनीं आईस वड, नांदरूक, चिंच, डाळिंब, कुंती किंवा बोगनवेल ह्यांपैकीं एखादें झाड द्यावें. हीं आपल्या हवेंतलीं आहेत आणि चुकलेल्याला क्षमाहि करतात. किती क्षमा करतात, हें सांगण्यासाठीं आतां घरची गोष्ट सांगतों.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यास पूर आला, त्यांत नदीकांठचा आमचा वाडा पडला. पूर ओसरल्यावर वडील माणसें ढिगाऱ्यांतून भांडीकुंडीं शोधीत असतां, आमच्या थोरल्या बंधूंनीं, ज्यांना पुढें सारें घर 'दादा' म्हणूं लागलें, पडलेल्या भिंतीच्या विटांत रुजलेलें वडाचें वीतभर रोप उपटून आणलें. त्या वेळीं ते बारा वर्षांचे होते. रोप डालड्याच्या डब्यांत लागलें. बोन्साय हा शब्द तेव्हां आमच्यापैकीं कोणास ठाऊक नव्हता. भाड्याच्या दोन खोल्यांत दुसरी जागाच नव्हती, म्हणून तें झाड डब्यांत राहिलें. पुढें दादांनीं ह्या विद्येचीं पुस्तकें मिळविलीं, मुळें छाटून तें उथळ कुंडींत बसविलें, आणि पाणी, खत, छाटणी ह्यांची एक वही ठेवली. साठ वर्षांत झाड दोन फुटांच्या वर गेलें नाहीं. पण त्याचा बुंधा पोटरीएवढा झाला आणि फांद्यांवरून पारंब्या मातीपर्यंत उतरल्या. आमच्या घरच्या सुना वटपौर्णिमेला बाजारांतून वडाची तोडलेली फांदी कधीं आणीत नसत. पूजा ह्याच वडाची होई.

गेल्या वर्षीं वैशाखाच्या आरंभीं दादा गेले. त्यांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें होतें. मरण शांतपणें आलें. घर पाहुण्यांनीं भरून गेलें. कोणी चहा करीत होतें, कोणी तार-पत्रांच्या जागीं आतां आलेल्या दूरध्वनीवर बोलत होतें, कोणी नुसतें बसून होतें. गच्चीवरच्या वडाला पाणी घालण्याचें काम दादांचें होतें. तें आतां कोणाचें, हा प्रश्न कोणाच्याच मनांत आला नाहीं. आणि ज्याच्या मनांत आला त्याला वाटलें, दुसऱ्या कोणीं तरी घातलें असेल. एकत्र कुटुंबांत हें असेंच होतें. जें सर्वांचें, तें कोणाचेंच नसतें.

पांचव्या दिवशीं दादांची अकरा वर्षांची नात वाळत घातलेले कपडे आणावयास गच्चीवर गेली आणि तशीच खालीं धांवत आली. वडाचीं बहुतेक पानें कुंडीभोंवतीं पडलीं होतीं. माती दगडासारखी झाली होती. ओतलेलें पाणी कडेनें घळघळ वाहून जात होतें. घरांत कोणी म्हणालें, सूतक आहे, पूजेच्या झाडाला हात लावावा कीं नाहीं? नव्वदी उलटलेल्या आमच्या आत्याबाई खोलींतूनच म्हणाल्या, "सूतक माणसांना आहे. झाडाला तहान लागली आहे. आधीं पाणी घाला, मग विचारा."

इंग्लंडांतून आलेली दादांची कन्या वर गेली. तिनें घमेल्यांत पाणी भरून त्यांत कुंडी कांठापर्यंत बुडविली. मातींतून बुडबुडे येऊं लागले. ते थांबेपर्यंत, म्हणजे सुमारें अर्धा तास, कुंडी तशीच ठेवली. मग बुंध्यावर नखानें किंचित् खरवडून पाहिलें. सालीखालीं हिरवें होतें. तिनें कुंडी टाकीच्या सावलींत नेली.

त्यानंतर दुसरें संकट आलें, आणि तें मायेचें होतें. ज्याला त्याला आपलें चुकल्याचें दुःख होत होतें. सकाळीं वहिनी पाणी घालून येत, त्यांच्यामागून धाकटी सून, दुपारीं आम्ही, संध्याकाळीं मुलें. दोन दिवसांत कुंडीखालीं सारखा ओलावा राहूं लागला. तेव्हां कन्येनें सर्वांना एकत्र बोलावून सांगितलें कीं पानें नसलेलें झाड पाणी पीत नाहीं. माती कोरडी होऊं लागेपर्यंत त्याला कोणी हात लावूं नये. खत तर मुळींच घालूं नये. आणि पाणी घालण्याचें काम तिनें आपल्या भाचीला, त्या अकरा वर्षांच्या मुलीला, दिलें. डोणींतल्या रोपांनीं तिला जें शिकविलें होतें, त्यानें बापाचें झाड वांचविलें.

तेविसाव्या दिवशीं एका फांदीच्या टोंकाला तांबूस कोंब दिसला. ज्येष्ठी पौर्णिमेपर्यंत आठ-दहा नवीं पानें आलीं होतीं. त्या दिवशीं वहिनींनीं पूजा केली नाहीं. पण त्या वर गेल्या, आणि नातीच्या हातांतला तांब्या घेऊन पाणी मात्र त्यांनीं घातलें.

दादांची वही आतां त्या मुलीकडे आहे. तींत महिन्यांप्रमाणें जें लिहिलें आहे त्याचा सारांश वाचकांसाठीं देतों.

चैत्र-वैशाखांत पाणी हेंच सर्वस्व. उथळ कुंडी कांहीं तासांत वाळते, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोनदां पाहावें. पण घड्याळ पाहून पाणी घालूं नये, माती पाहून घालावें. बोटाचें एक पेर मातींत घालावें, आंत ओल असली तर थांबावें. कुंडी तापलेल्या गच्चीवर न ठेवतां विटांवर किंवा लांकडी फळीवर ठेवावी, आणि दुपारीं सावली करावी. जपानांत पाणी घालावयास शिकण्यास तीन वर्षें लागतात असें म्हणतात, त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

ज्येष्ठ-आषाढांत, पाऊस नीट बसल्यावर, कुंडी बदलावी. तरुण झाडाची दोन-तीन वर्षांनीं, जुन्याची चार-पांच वर्षांनीं. मुळें लांकडी काडीनें हळूहळू मोकळीं करावीं आणि एक तृतीयांशाहून अधिक कापूं नयेत. मिश्रणांत दोन भाग विटांचे चाळलेले तुकडे, एक भाग लाल माती व एक भाग जुनें, पुरतें कुजलेलें शेणखत असावें. बारीक धूळ चाळणीनें काढून टाकावी. तीच पुढें चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. नंतर पंधरा दिवस झाड सावलींत ठेवावें.

श्रावण-भाद्रपदांत झाड झपाट्यानें वाढतें. कोवळ्या फांदीला सहा-आठ पानें आलीं कीं दोन-तीन ठेवून बाकीची खुडावी. वळण देण्यासाठीं तार गुंडाळली असेल तर दर आठवड्यास पाहावी, कारण ह्याच दिवसांत तार सालींत रुतते आणि तो व्रण कायमचा राहतो. कुंडी पागोळ्यांखालीं ठेवूं नये. झड लागली तर कुंडीच्या एका कडेखालीं कौलाचा तुकडा सरकवून ती किंचित् कलती ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाहीं.

आश्विनांतील ऊन फसवें असतें. पावसाळा संपला म्हणून पाण्याकडे झालेलें दुर्लक्ष ह्याच महिन्यांत नडतें. भुईमुगाची पेंड भिजवून तिचें पातळ पाणी पंधरा दिवसांनीं एकदां द्यावें, आणि पानांखालीं पिठ्या ढेकूण आहे काय तें पाहून तो ओल्या कापडानें पुसून काढावा. कार्तिकानंतर पेंड बंद करावी. मार्गशीर्ष-पौषांत वडाची वाढ मंदावते. तेव्हां पाणी कमी करावें, छाटूं नये, खत देऊं नये. येथें दादांनीं वहींत एकच वाक्य लिहिलें आहे : "आतां त्याला उठवूं नये." माघ-फाल्गुनांत जुनीं पानें गळूं लागतात. तें दुखणें नव्हे. नवें पान आलें कीं पाणी वाढवावें आणि पुनः चैत्र येतो.

आमच्या कांहीं वाचकांचा असा आक्षेप असतो कीं वृक्षाचीं मुळें कापून त्याला खुजें ठेवणें हें क्रौर्य होय. किल्ल्यांच्या तटांत आणि देवळांच्या शिखरांत रुजलेले वड-पिंपळ पाहिले म्हणजे थोड्या मातींत बेतानें जगणें हें ह्या जातीला नवें नाहीं, हें ध्यानांत येतें. कापण्यांत क्रौर्य नाहीं, विसरण्यांत आहे. जमिनींतला वड आपलें पाणी आपण शोधतो. कुंडींतल्या वडाचा तो मार्ग आपण बंद केलेला असतो, म्हणून त्याचें पाणी हें आपलें ऋण आहे. आणि तें ऋण एका माणसाच्या आयुष्यांत फिटत नाहीं.

ह्याचें एक मोठें उदाहरण सांगून हा लेख पुरा करतों. हिरोशिमा येथील यामाकी घराण्याकडे एक पाइन होता, इ. स. १६२५ पासून तो कुंडींत वाढविला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हां हें झाड त्या ठिकाणापासून सुमारें तीन किलोमीटरांवर एका भिंतीच्या आड होतें. म्हणून तें वांचलें, आणि घरचीं माणसेंहि वांचलीं. इ. स. १९७६ मध्यें जपाननें अमेरिकेस त्रेपन्न वामनवृक्ष भेट दिले, त्यांत मासारू यामाकी ह्यांनीं हेंहि झाड दिलें. त्याची कथा मात्र वॉशिंग्टनच्या उद्यानांतील लोकांना पंचवीस वर्षें नीटशी कळली नव्हती. इ. स. २००१ मध्यें यामाकी ह्यांचे दोन नातू आजोबांचें झाड पाहावयास तेथें गेले, तेव्हां ती कळली. शहर गेलें, राज्यें बदललीं, झाड एका देशांतून दुसऱ्या देशांत गेलें. आणि ह्या सर्व काळांत रोज सकाळीं कोणी तरी त्याला पाणी घालीत आलें. झाडाच्या दीर्घायुष्याचें रहस्य शोधावयाचें तर तें त्या झाडांत नाहीं, ह्या 'कोणी तरी'मध्यें आहे.

असो. आमच्या भगिनींनीं यात्रेहून ब्रह्मकमळाचें दर्शन तेवढें घेऊन यावें. आणि त्यांच्या चिरंजीवांस आमचा निरोप असा कीं आईला वडाचें झाड द्यावें व त्याबरोबर एक कोरी वहीहि द्यावी. वहीच्या पहिल्या पानावर पाणी घालणाऱ्याचें नांव लिहावें. आणि त्याच्या खालीं, तें माणूस घरीं नसेल त्या दिवशीं पाणी कोण घालील, त्याचेंहि नांव त्याच दिवशीं लिहून ठेवावें.